परशाचे आजोबा आणि माझे

तुमच्या या बाईंना सिनेमाचं भारी वेड! त्यातला सगळ्यांत आवडता 'श्वास'. २००४ साली तो आला तेव्हा मी सातवीत होते. 'श्यामची आई'नंतर ५० वर्षांनी सुवर्णकमळ मिळवणारा हा मराठी चित्रपट. आजोबांबरोबर पाहिला. कर्करोगामुळे छोट्या परशाचे डोळे काढावे लागणार असतात. शस्त्रक्रियेआधी त्याचे आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात, जग डोळे भरून दाखवायला. मला तर त्यांचा रागच आला! "डॉक्टरांना न सांगता कशाला न्यायचं?" माझे आजोबा काहीच बोलले नाहीत.

पुढे मी डी.एड. करत असताना आजोबांना काचबिंदू निघाला. "दिसतंय की मला," म्हणत त्यांनी तपासणी टाळलेली, आणि आम्हीही ऐकून घेतलेलं. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले.

एका रविवारी मी त्यांना रिक्षात घालून पाणचक्कीला नेलं. नंतर मकबरा, मग गुलमंडी, असा बेत. ते हौदाकाठी बसले ते बसलेच.

"आजोबा, मकबरा राहिला ना!"

"थांब की जरा," म्हणाले, "पाणी पडताना बघू दे."