चार चाकांचे बळ

पस्तीस वर्षे मोटार चालविलेल्या माणसाला रस्त्याविषयी नवे काही शिकावयाचे उरले आहे, असे सहसा वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. बँकेच्या नोकरीत सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा बदल्या होत गेल्या. आंबा घाटातले आषाढातील धुके, पहिल्या वळिवाने धूळ आणि तेल एकत्र होऊन निसरडा झालेला डांबरी रस्ता, गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांतून सांडलेले आणि दवाने भिजलेले पाचट, हे सारे मी अनुभविले होते. एवढ्या वर्षांत कोणाला साधा ओरखडाही काढला नाही, याचा मला थोडा अभिमानच होता. तो अभिमान किती पातळ होता, हे मला सांगलीपासून हजारो मैल दूर, बॉस्टनजवळच्या एका उतारावर कळले.

गेल्या वर्षी दशलक्षण पर्व आटोपल्यावर आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो. त्याचे घर बॉस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आहे. दोघेही नोकरी करणारे. सात वर्षांच्या नातीला शाळेतून संगीताच्या वर्गाला नेण्याची जबाबदारी मी आपण होऊन मागून घेतली. भारतातील परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना, विम्याची पूर्तता, सर्व काही बँकेच्या शिरस्त्याप्रमाणे मी आधी तपासून घेतले. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालण्याची सवय व्हायला एक आठवडा लागला. त्यानंतर मी निर्धास्त झालो.

निर्धास्त होण्याचे मुख्य कारण गाडी. ती ऑल-व्हील-ड्राइव्ह होती. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. या गाडीत ती चारही चाकांना पोहोचते. एखादे चाक निसरड्या जागी सापडले, तरी बाकीची चाके गाडी पुढे नेतात. त्या भागात हिवाळ्यात पुष्कळ बर्फ पडते, म्हणून लोक अशा गाड्या आवर्जून घेतात. पावसात चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू केली, तर चाक जागच्या जागी फिरत नाही की गाडी मागे सरकत नाही. ती जणू कोरड्या रस्त्यावर असल्यासारखी पुढे जाते. मी सौ.ना म्हणालोही, "ही गाडी घसरणे शक्यच नाही."

चिरंजीवाने ते ऐकले. तो म्हणाला, "अण्णा, पानांवरून जरा जपून चालवा. पाने ओली झाली की फार फसवतात." मी मान डोलावली. आंबा घाट उतरलेल्या माणसाने झाडाच्या पानांना काय भ्यावे, असे मात्र मनात आले.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडचे मेपल वृक्ष लाल, नारिंगी, पिवळे होतात. ओकची पाने तपकिरी पडतात. ते सौंदर्य पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. त्यानंतर दोन दिवस वारा आणि पाऊस आला, की तेच सौंदर्य झाडावरून उतरून रस्त्यावर अंथरले जाते. पानांवर मेणासारखा गुळगुळीत थर असतो. एकावर एक पाने बसतात, त्यांच्यामध्ये पाणी साचते, वरून मोटारी गेल्या की त्यांचा लगदा होतो. टायर आणि डांबर यांची भेटच होत नाही. शिवाय रस्त्यावरच्या पट्ट्या आणि खड्डे झाकले जातात. कडेच्या गटारांची तोंडे पानांनी तुंबतात आणि भलत्याच ठिकाणी पाणी साचते.

त्या गुरुवारी असाच पाऊस होऊन गेला होता. नात मागच्या आसनावर पट्टा लावून पुस्तक वाचत होती. रस्ता एका टेकडीवरून खाली उतरत होता आणि पायथ्याशी डावीकडे वळत होता. वेगमर्यादेची पाटी ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची. मी बरोबर ३५ वर होतो. नियमाच्या दृष्टीने माझ्याकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती.

वळण घेतले आणि समोर पिवळी शाळेची बस उभी दिसली. तिचे लाल दिवे उघडझाप करीत होते. तसे दिवे लागले की बसच्या मागून येणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबलेच पाहिजे, कारण मुले उतरून रस्ता ओलांडत असतात. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरू लागले, खालून करकर असा आवाज आला, आणि गाडी मात्र पुढे जातच राहिली. चारही चाकांचे बळ असलेली ती भारदस्त गाडी, पाटावरून घसरणाऱ्या साबणाच्या वडीसारखी सरकत होती. बसच्या पुढून एक मुलगा पाठीवर दप्तर घेऊन रस्ता ओलांडत होता. तो मला दिसत होता. माझ्या हाती करण्यासारखे मात्र पाय दाबून धरण्यापलीकडे काही उरले नव्हते. मनात नवकार सुरू झाला, तो मी सुरू केला नाही.

पुढे पानांचा थर संपला आणि मोकळे डांबर लागले. टायरांनी एकदम पकड घेतली, गाडीने गचका खाल्ला आणि ती थांबली. बस आणि गाडी यांच्यात एका मोटारीएवढे अंतर उरले होते. मुलगा पलीकडे पोहोचून घराच्या पायवाटेला लागला होता. त्याला काही कळलेही नसावे.

मागून आवाज आला, "आजोबा, माझं पुस्तक खाली पडलं."

बसचे लाल दिवे विझले, ती निघून गेली, तरी मी काही क्षण तसाच बसून राहिलो. मग गाडी कडेला घेतली, पुस्तक उचलून नातीच्या हातात दिले. माझा हात थरथरत होता. तिने तो पाहिला की नाही, मला ठाऊक नाही.

संध्याकाळपर्यंत मनात एकच विचार घोळत राहिला. हे घरी सांगावे का? कोणाला काही झाले नव्हते. गाडीला ओरखडा नव्हता. सांगितले तर चिरंजीव गाडी हातातून काढून घेईल, सूनबाई यापुढे धास्तावून राहील, आणि या वयात वडिलांच्या सामर्थ्याविषयी मुलाच्या मनात शंका येणे कोणत्याही बापाला आवडत नाही. न सांगण्याची कारणे भराभर सुचत होती. बँकेत मात्र मी उभी हयात सहकाऱ्यांना सांगत आलो होतो, की दिवसअखेरीस रोकडीत फरक आला आणि तो तासाभरात जुळला, तरी फरक आल्याची गोष्ट लपवू नका. लपविलेला फरक पुन्हा येतो, आणि दुसऱ्यांदा तो मोठा असतो. दुसऱ्याला केलेला हा उपदेश त्या संध्याकाळी माझ्याच दारी वसुलीला आला.

जेवणानंतर मी चिरंजीवाला सारे सांगितले. वेग सांगितला, अंतर सांगितले, मुलगा रस्त्यात होता तेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी एवढेच म्हणाला, "शनिवारी सकाळी आपण दोघे बाहेर जाऊ."

शनिवारी त्याने मला एका ओस पडलेल्या, पानांनी भरलेल्या वाहनतळावर नेले. पाऊस नुकताच थांबला होता. "आता पानांवर गाडी सुरू करा," तो म्हणाला. गाडी सहज निघाली. "आता ब्रेक मारा." वेग अगदी थोडा होता, तरी गाडी कितीतरी पुढे जाऊन थांबली. असे सात-आठ वेळा झाले. पूर्वी विश्रामबागच्या एका मोकळ्या मैदानावर मी त्याला स्कूटर शिकविली होती. तो पडला तेव्हा मी रागावलो होतो. तो मात्र माझ्यावर रागावला नाही.

त्याने सांगितले ते इतके सरळ होते, की आजवर ते माझ्या ध्यानात कसे आले नाही याचे आश्चर्य वाटले. चारही चाकांना शक्ती देण्याची यंत्रणा गाडी पुढे नेण्यासाठी असते. थांबविण्याच्या कामी तिचा काहीही उपयोग नाही. ब्रेक तर साध्या गाडीचेही चारही चाकांना लागतात. थांबताना सगळा भरवसा टायर आणि जमीन यांच्या पकडीवर, आणि ती पकड पानांनी आधीच काढून घेतलेली असते. उलट या यंत्रणेचा एक तोटाच होतो. साध्या गाडीचे चाक निघतानाच जागच्या जागी फिरते आणि चालकाला सावध करते, की बाबा रे, रस्ता निसरडा आहे. ही गाडी सुरळीत निघते, म्हणून तो इशाराच मिळत नाही. रस्ता निसरडा असल्याचे कळते ते थेट ब्रेक दाबल्यावर.

कर्जखात्यात मी हेच पाहिले होते. भक्कम तारण असले की अधिकारी कर्ज देण्यास धजावतो. तारणामुळे धंद्याचा कच्चेपणा झाकला जातो आणि तो उघडा पडतो तो हप्ते थांबल्यावर. तारणाने परतफेडीची ऐपत येत नाही, हे मी नवख्या अधिकाऱ्यांना शिकवीत असे.

त्या सकाळी शिकलेल्या काही गोष्टी वाचकांच्याही उपयोगी पडतील. ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट होते. म्हणून त्या उतारावर मी ३५ ऐवजी २५ मैलांनी आलो असतो, तर ब्रेकचे अंतर जवळजवळ निम्म्यावर आले असते. वेग कमी करावयाचा तो पाने दिसण्यापूर्वी, मोकळ्या डांबरावर आणि वळणाच्या आधी. चाक अडकून राहू न देणारी ब्रेकयंत्रणा असेल, तर पेडल थरथरले तरी पाय उचलू नये. तिच्यामुळे गाडी वळविता येते, पण निसरड्यावर ती लवकर थांबेलच असे नाही. टायरच्या खाचा तपासाव्यात. तिकडे पाव डॉलरचे नाणे वॉशिंग्टनच्या मस्तकाच्या बाजूने खाचेत घालतात. मस्तकाचा वरचा भाग उघडा दिसला, तर खाच सुमारे ३.२ मिलिमीटरहून कमी उरली असे समजतात आणि पावसापूर्वी टायर बदलतात. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीचे टायर सारखेच झिजलेले असावे लागतात, अन्यथा यंत्रणेवर ताण येतो. आणि रस्त्याकडेच्या पानांच्या ढिगातून गाडी कधीही नेऊ नये. मुले त्यात लपून खेळतात.

परत येताना मी गप्प होतो. चिरंजीवाला वाटले, मी दुखावलो आहे. मला आठवत होती ती लहानपणी पाठशाळेत पंडितजींनी शिकविलेली ईर्यासमिती. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. वर्षायोगात तर विहारच थांबवितात, कारण पावसाने जमिनीवर जीवांची दाटी होते. ही शिकवण साधूंसाठी आहे, श्रावकाचा तिच्याशी दर्शनापुरता संबंध, असे मी धरून चाललो होतो. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, कारण तो तेवढ्यात थांबू शकतो. ताशी ३५ मैल वेगाने मोटार एका सेकंदात पंधरा मीटरहून अधिक, म्हणजे तीस हातांच्या पुढे जाते. डोळ्यांनी पाहून पायाने ब्रेक दाबेपर्यंतच तेवढी जमीन मागे पडलेली असते. मग माझे चार हात किती लांब असावयास हवेत? त्या वळणापलीकडचे मला दिसत नव्हते, आणि न दिसणाऱ्या जमिनीवर मी नियमात बसणाऱ्या वेगाने चाललो होतो. पाटीवरचा आकडा ही मर्यादा असते. त्या दिवशी, त्या रस्त्यावर किती वेग योग्य, हे पाटी सांगत नाही. दशलक्षणात दरवर्षी उत्तम संयमावरील प्रवचन मी ऐकतो. संयम मोह समोर आल्यावर दाखवावयाचा असतो, अशी माझी समजूत होती. समोर बस आल्यावर संयमाला वेळच नव्हता. तो वर, टेकडीच्या माथ्यावर दाखवावयास हवा होता.

चिरंजीवाने गाडी काढून घेतली नाही. पुढच्या गुरुवारी किल्ली त्यानेच माझ्या हातात ठेवली. त्या उतारावर मी माथ्यावरच वेग २० मैलांवर आणला. ओकची फळे गोळा करणाऱ्या दोन खारी रस्त्यावर धावपळ करीत होत्या. त्या पलीकडे जाईपर्यंत मी थांबलो. आधी मला त्या दिसत नसत. मागच्या गाडीने एकदा हॉर्न वाजविला.

"आजोबा, तुम्ही इतकं हळू का चालवता?" नातीने विचारले.

"थांबता यावं म्हणून," मी म्हणालो.

आता आम्ही सांगलीस परतलो आहोत. माझी जुनी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी पुन्हा हाती आली आहे. साखर कारखाने सुरू झाले आहेत आणि पहाटे मंदिरास जाताना रस्त्यावर दवाने भिजलेले पाचट पडलेले असते. ते दुरून दिसले की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

जय जिनेंद्र.