भोपळा, लाकूड आणि दोरा

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता सोडून काळू नदीच्या अंगाने आत वळले, की डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे गाव लागते. गावात विठ्ठलाचे कौलारू मंदिर आहे. मंदिराच्या खांबाला, गभाऱ्याच्या उजव्या हातास, एक वीणा टांगलेली असते. वारकऱ्यांची वीणा म्हणजे बांधणीने तंबोऱ्याची धाकटी बहीणच. तळाशी वाळलेल्या भोपळ्याचा घुमट, त्यावर लाकडाची पातळ तबली, वर निमुळती दांडी, चार खुंट्या आणि चार तारा. गावातले वीणेकरी बुवा गेली चाळीस वर्षे ती गळ्यात घालीत आले आहेत. त्यांच्याआधी ती त्यांच्या वडिलांच्या गळ्यात होती.

पौष पौर्णिमेला म्हसा येथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेत भजन करून मंडळी परतत असताना, गाडीला खड्ड्यात धक्का बसला आणि एक लोखंडी पेटी घसरून वीणेवर आदळली. भोपळ्याला बोटभर चीर गेली. गावी येऊन बुवांनी तार छेडली, तेव्हा तिच्यातून फुटक्या मडक्यासारखा आवाज निघाला. माघातला हरिनाम सप्ताह पंधरा दिवसांवर येऊन ठेपला होता. सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, पण भुईवर टेकत नाही. मिरजेला नेऊन नवा भोपळा बसवून आणावा, तर ती वेळेत परत येईल याची शाश्वती नव्हती. आणि बुवांना दुसरीच धास्ती होती. “नवा भोपळा बसला, की आवाजही नवा होईल. वडिलांचा आवाज त्या भोपळ्यात आहे,” असे ते म्हणाले आणि मंदिराच्या पायरीवर बसून राहिले.

त्या दिवसांत मंदिराचे दार करण्यासाठी शहापूर तालुक्यातले एक सुतार मिस्त्री गावात उतरले होते. माहुलीच्या जंगलातला साग, ऐन, हेद त्यांनी हयातभर हाताळलेला. लाकडावर बोटाच्या पेराने टिचकी मारून ते आतली पोकळी सांगत. त्यांनी चीर पाहिली आणि हसून म्हटले, “बुवा, भोपळा म्हणजे नुसते भांडे. आवाज लाकडाचा. आमच्या भातसेकाठच्या गावात एक वीणा आहे; तिची दांडी अशी जुनी आणि सुकी आहे, की तिच्यासारखी वीणा मुरबाडात सापडायची नाही.”

एवढे बोलणे पुरेसे होते. शहापूर आणि मुरबाड हे शेजारी तालुके. शेजाऱ्यांचा मान कोणी सहजासहजी कबूल करीत नाही. पायरीवर मंडळी जमली. एका वारली म्हाताऱ्याने बुवांची बाजू घेतली. त्यांच्यातले भगत घांगळी वाजवतात; तिलाही बांबूच्या दांड्यावर दोन भोपळे असतात. तारप्यालाही भोपळा लागतो. “भोपळा वेलीवर पुरता जून झाला की नाही, हे आधी विचारा. कोवळा उतरवला तर तो कधीच बोलत नाही,” असे त्याचे म्हणणे पडले. कोणी तारेचा पक्ष घेतला. पोलादी तार वेगळी बोलते, पितळी वेगळी, हे तर पोरासोरांनाही ऐकू येते.

गावातल्या शाळेचे विज्ञानाचे गुरुजी तेवढ्यात तेथे आले. त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि बोट ठेवले ते तबलीवरच्या घोडीवर. तारा ज्या रुंद, किंचित उतरत्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी बसला, की तार घोडीच्या पृष्ठभागाला ओझरता स्पर्श करीत कंप पावते आणि स्वराला झंकार येतो. ह्यालाच जवारी म्हणतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला, की झंकार मावळतो.

गुरुजी म्हणाले, “चंद्रशेखर वेंकट रामन यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रकाशाच्या संशोधनाबद्दल. पण त्याच्या आधी, 1921 साली, त्यांनी तंबोऱ्यावर आणि वीणेवर निबंध लिहिला होता.” मग त्यांनी तो विषय मुलांना समजेल असा सांगितला. तार कंप पावते ती अखंड. त्याच वेळी ती दोन, तीन, चार भागांतही कंप पावते. त्या भागांचे बारीक स्वर मुख्य स्वरात मिसळतात. तार जर बरोबर मधोमध छेडली, तर ज्या स्वरांत तिचा मध्यबिंदू स्थिर राहतो ते स्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, आणि ते घोडीच्या ह्या रचनेमुळे, असे रामन यांना आढळले.

“म्हणजे लाकडाला काही किंमतच नाही?” मिस्त्रींनी विचारले. त्यांचा स्वर थोडा दुखावलेला होता.

“आहे. पण कोणत्या लाकडाला, हे पाहायला हवे.” गुरुजींनी स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराची हकिकत सांगितली. गिटारच्या आवाजाचे मर्म वरच्या फळीत आहे, असे त्याचे मत होते. ते पटवण्यासाठी 1862 साली त्याने एक गिटार बनवली. तिची वरची फळी लाकडाची, पण पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या! ती आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. पुढे 2018 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सहा गिटारींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहाही एकाच घडणीच्या. पाठ आणि कडा तेवढ्या निरनिराळ्या लाकडांच्या. त्यांत एक आपल्याकडचे शिसव होते. 52 वादकांना अंधूक खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्या वाजवायला दिल्या. महाग लाकूड कोणते आणि स्वस्त कोणते, हे आवाजावरून त्यांना फारसे ओळखता आले नाही.

मिस्त्री काही बोलले नाहीत. शिसवाची फळी रंधताना हाताला जे जाणवते, ते चष्मेवाल्यांना काय कळणार, असा भाव मात्र त्यांच्या चेहऱ्यावर होता. आणि तो अगदीच चुकीचा होता असेही म्हणवत नाही.

शेवटी वीणा मिस्त्रींच्याच हाती आली. सरस आणि भोपळ्याचा बारीक भुगा कालवून त्यांनी चीर भरली, चार दिवस सावलीत वाळू दिली आणि वरून लाखेचा हात फिरवला. काम इतके नितळ झाले, की चीर शोधावी लागे. पुन्हा खोटे बोलणे नको म्हणून त्यांनी आपल्या गावची ती नावाजलेली वीणाही मागवून घेतली. दोन्ही वीणा मिरजेच्याच घडणीच्या होत्या. मिरजेचा हा व्यवसाय 1850 च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सुरू केला. घराणे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे. हत्यारांचे दिवस सरले आणि तेच हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारातले कडू भोपळे आणि तून नावाचे हलके लाकूड यांवर त्या गावाची कीर्ती उभी राहिली. मिरजेत राहिलेले थोर गायक अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. 2024 साली तेथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सायंकाळी मंदिरात पडदा धरण्यात आला. पडद्याआड गुरुजी दोन वीणा घेऊन बसले. अलीकडे सातवीचा सबंध वर्ग. स्वर आधी सारखे लावून घेतले होते. वीणा छेडली जाई आणि मुले पाटीवर ‘मुरबाड’ किंवा ‘शहापूर’ लिहीत. पाट्या तपासल्या, तेव्हा निम्म्याअधिक चुकलेल्या! मिस्त्रींनीही दहांतून पाचच ओळखल्या आणि ते ओशाळून हसले.

मग बुवा पुढे आले. पडद्याकडे पाठ करून ते बसले आणि दहाही वेळा अचूक बोलले. मंदिरात एकच गलका झाला. “बघा, म्हणत होतो की नाही? भोपळ्याला आमची ओळख आहे,” असे म्हणताना बुवांचे डोळे भरून आले होते.

गुरुजींनी थोडा वेळ जाऊ दिला. पडद्याआड त्यांनी बुवांच्या वीणेच्या घोडीवरचे दोरे काढून घेतले. शहापूरच्या वीणेचे दोरे मात्र हलक्या हाताने सरकवून जवारी अगदी उघडी करून ठेवली. पुन्हा तार छेडली गेली. बुवांनी मान हलवली. “ही नव्हे. ही मुकी आहे.” दुसरी वीणा छेडली आणि ते लगेच म्हणाले, “ही माझी.”

गुरुजींनी पडदा बाजूला केला. बुवा दोन्ही वीणांकडे आळीपाळीने पाहत राहिले. कोणी हसले नाही. अशा वेळी हसू नये, हे त्या वर्गाला कोणी शिकवले नव्हते. तरी ते कळले. बराच वेळाने बुवा म्हणाले, “वडील रोज पहाटे दोरा सरकवीत. मला वाटे, ती त्यांची पूजा आहे. त्यांचे पाहून मीही सरकवीत आलो.”

“ते दोरा कोठे आणून ठेवीत, ते तुमच्या कानाला ठाऊक आहे,” गुरुजी म्हणाले. “आणि एवढ्यावरून लाकूड-भोपळा व्यर्थ ठरत नाही, मिस्त्री. ह्या दोन्ही वीणा सारख्याच भोपळ्याच्या, सारख्याच लाकडाच्या. पत्र्याच्या डब्यावर दोरा कितीही सरकवला, तरी त्याची वीणा होणार नाही.”

मिस्त्रींनी लगेच विचारले, “आणि तबली जाड राहिली असती तर?” वारली म्हाताऱ्याने भोपळ्याच्या सालीची जाडी काढली. वाद पुन्हा पेटला, आणि दिवेलागण होऊन गेली तरी मंडळी उठली नाहीत.

सप्ताह ठरल्या दिवशी बसला. तिसऱ्या रात्रीचा शेवटचा पहारा बुवांचा होता. डोंगरावरून गार वारा सुटला होता आणि टाळकरी पेंगत होते. दार पुरे होऊनही मिस्त्री गावाकडे गेले नव्हते. ते खांबाला टेकून, घोंगडी पांघरून ऐकत बसले होते. पहाटेच्या सुमारास वीणेचा झंकार किंचित मंदावला. मिस्त्रींनी डोळे उघडले. बुवांनी नामघोष थांबवला नाही, वीणा खाली ठेवली नाही. चालता चालता त्यांनी नखाने दोरा हळूच पुढे सारला.