टाळकऱ्यांची रांग

सप्ताहाच्या मंडपात कॅमेरा घेऊन शिरलं की सगळे मला पुढची जागा करून देतात. महाराजांचे फोटो नीट यावेत, एवढीच त्यांची इच्छा. ते मी काढतोच. पण महाराज आज इथे, उद्या दुसऱ्या गावी. त्यांचा चेहरा वेशीवरच्या फ्लेक्सवर आहे, यूट्यूबवर आहे. पाठीशी उभे असलेले टाळकरी मात्र गावचेच. दिवसभर कांद्याला पाणी देऊन, धारा काढून, धुतलेलं धोतर नेसून दोन-दोन तास उभी राहणारी ही माणसं कुठल्याच फ्लेक्सवर नसतात. महाराज चरण सोडतात. ते उचलायचं, वर न्यायचं आणि पुन्हा त्यांच्या हाती द्यायचं काम ही रांग करते. कीर्तन तोलून धरणारा आवाज त्यांचा. म्हणून माझी लेन्स तिकडे वळते.

अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस न खंडणारं गाणं. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सगळ्यात वीणा खाली ठेवायची नाही. तिचे पहारे लावलेले असतात. मध्यरात्र उलटल्यावर मंडपात सतरंजीवर दोघं-चौघं झोपलेले असतात, तेव्हा पहारा बदलतो. विणेकरी आणि त्याच्या जागी येणारा, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा हिशेब तिथे नसतो. आजोबा नातवाच्या वयाच्या पोरापुढे वाकतात. मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. हा फोटो घ्यायला जागावं लागतं, आणि मी आनंदाने जागतो.

मंडपातला उजेड मात्र अवघड. दिवसा कापडाचा रंग माणसांवर उतरतो. गुलाबी छताखाली बसलेला सगळा गाव गुलाबी येतो. रात्री पांढऱ्या सदऱ्यांची रांग पाहून कॅमेरा फसतो, उजेड आवरता घेतो आणि उन्हात रापलेले चेहरे काळे पडतात. अशा वेळी एक्स्पोजर स्टॉपभर वाढवायचं. आधी चेहरे, मग सदरे. स्वस्तातले एलईडी दिवे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर फार जलद ठेवलं तर फोटोवर पट्टे येतात. 1/100 ला ते टळतात. मी आणखी खाली, 1/50 वर येतो. तेवढ्यात चेहरा स्थिर राहतो, टाळांची पितळी कड पुसट होते आणि फोटोला नाद येतो. फ्लॅश मी वापरत नाही. डोळे मिटून गाणाऱ्याच्या तोंडावर वीज पाडायचा मला अधिकार नाही.

बटण कधी दाबायचं, ते कान सांगतो. पखवाजी डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो, अंगठ्याने तिची कड दाबतो, एक थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. तेव्हापासून मीही ऐकू लागतो. लय चढते, टाळकरी पाऊल टाकू लागतात आणि समेवर अख्खी रांग एकदम झुकते. ती सम येण्याआधीच ओळखावी लागते. दिसल्यावर बोट हललं तर रांग परत सरळ झालेली असते. चाली पाठ असल्या तरच हा फोटो मिळतो.

संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे छायाचित्रांचं पुस्तक पाहिलं की चालणाऱ्या साध्या माणसांकडे किती मायेनं पाहता येतं, ते कळतं. तशी नजर प्रत्येक गावाच्या वाट्याला यावी.

मोबाइलवर पाठवलेले फोटो ग्रुपच्या गर्दीत वाहून जातात. म्हणून काल्यानंतर मी 4×6 इंचांच्या प्रती काढून घरोघर देतो. पुढे कधी त्या घरी गेलो, तर तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून, हार चढवलेला दिसतो. शेतात राबणाऱ्या माणसाचा निवांत, प्रसन्न फोटो पुष्कळदा सप्ताहातच निघालेला असतो.

माझी गावोगावच्या मंडळींना विनंती आहे. सप्ताहाचा एक अल्बम देवळात ठेवा. प्रत्येक फोटोमागे वर्ष लिहा आणि सगळ्यांची नावं लिहा: टाळकरी, पखवाजी, विणेकरी, पंगतीसाठी भाकरी थापणाऱ्या बायका. चाली कानावरून पुढच्या पिढीकडे जातीलच. त्या आपल्यापर्यंत कुणी आणल्या, हेही पोरांना ठाऊक असलं पाहिजे.