मास्तरांची जागा : ‘बनगरवाडी’च्या माध्यमांतराविषयी

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा निष्ठेच्या प्रश्नापासून सुरू होते आणि तेथेच संपते. कादंबरीतील कोणता प्रसंग पडद्यावर आला, कोणता गळला, शेवट बदलला काय, असा ताळेबंद मांडला की समीक्षेचे काम झाले असे मानले जाते. कथा वाचताना वाचक कोठे उभा होता आणि माध्यम बदलल्यावर त्याची ती जागा शिल्लक राहिली काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या संदर्भात तो विचारणे अगत्याचे आहे.

‘बनगरवाडी’ 1955 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला आलेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर तिचा निवेदक आहे. कारभारी, आनंदा रामोशी, शेकू, अंजी ही सारी माणसे त्याच्या डोळ्यांनी दिसतात. तो स्वतः मात्र जवळजवळ दिसत नाही. त्याच्या ‘मी’मध्ये चेहऱ्याचा तपशील फारसा नाही, आणि म्हणूनच त्या ‘मी’मध्ये वाचकाला शिरता येते. कादंबरीचे मोठे सामर्थ्य या मोकळ्या ठेवलेल्या जागेत आहे.

ही जागा किती खरी असते, याचे उदाहरण म्हणून परभणी जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. जिंतूर तालुक्यातील डोंगराळ भागात एका वाडीवर त्यांची पहिली नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. शाळा मारुतीच्या देवळात भरे. मुले गुरांमागे जात, मेंढरांमागे जात. उरलेली पाटीसमोर बसत. परभणीहून आणलेली ‘बनगरवाडी’ त्यांनी तेथे कंदिलाच्या उजेडात वाचली आणि आपलीच हकिगत कोणी आधी लिहून ठेवली आहे, असे त्यांना वाटले. माणदेश त्यांनी पाहिलेला नव्हता. तशी गरजही पडली नाही.

वाडीत एकच ट्रान्झिस्टर होता, तो गुरुजींचा. आकाशवाणीवरील श्रुतिका आणि कथावाचने ऐकायला माणसे रात्री देवळात जमत. एकदा सेल संपले आणि बाजाराचा दिवस लांब होता. तेव्हा गुरुजींनी पुस्तक काढले आणि रेडिओवरचा निवेदक वाचतो त्या संथ, स्पष्ट पद्धतीने ‘बनगरवाडी’ वाचायला सुरुवात केली. माडगूळकरांनी स्वतः दीर्घ काळ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम केले होते. त्यांचे आखूड, कानाला सरळ पोचणारे वाक्य मोठ्याने वाचताना अडखळावे लागत नाही, हे गुरुजींच्या लवकरच लक्षात आले.

पहिल्या दोन रात्रींतच मजकूर बदलू लागला. संवादांतील माणदेशी वळण श्रोत्यांना परके वाटे. म्हणून ‘काय करतोयास’ अशा धर्तीची वाक्ये गुरुजींच्या तोंडून ‘काय करायलास’ अशी परभणीच्या बोलीत उतरू लागली. हे त्यांनी ठरवून केले नव्हते. ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद त्यांच्या जिभेला वळवीत होता. औंधचा राजा तालमीच्या उद्घाटनाला वाडीवर येतो, हा भाग मात्र कोणाच्याच गळी उतरेना. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात काढलेल्या त्या पिढीने राजा हा केवळ सारा आणि धाक यांच्या रूपाने अनुभवला होता. ‘राजा कसा येईल, गुर्जी?’ असे एका म्हाताऱ्याने विचारले, तेव्हा एका संस्थानातील वास्तव दुसऱ्या संस्थानात कल्पित कसे ठरते, याचा धडाच गुरुजींना मिळाला. वाडीतील जाणत्या कारभाऱ्याने तो वाद मिटवला. ‘तिकडला राजा येगळा असंल,’ एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून पुस्तकातल्या कारभाऱ्याला त्यांचा चेहरा मिळाला, गुरुजींच्या मनात आणि वाडीच्याही.

पुढे 1972 चा दुष्काळ पडला. वाडीतली माणसे खडी फोडायला जाऊ लागली, मुलांना सुकडी मिळू लागली. लोकांनी मागणी केली म्हणून गुरुजींनी पुन्हा वाचन सुरू केले. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको औताला खांदा देते, तो प्रसंग झाला तेव्हा कोणी बोलले नाही. पुढे पाऊस हटतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून जगायला बाहेर पडतात, तेथे वाचन आले आणि मागच्या बाजूने एक बाई म्हणाली, ‘गुर्जी, म्होरलं नका वाचू. म्होरलं आमाला ठाव हाय.’ गुरुजींनी पुस्तक मिटले. त्या वाडीत ‘बनगरवाडी’ शेवटपर्यंत कधीच वाचली गेली नाही.

एका अर्थाने हेही माध्यमांतरच होते. त्यात भाषा बदलली, राजाविषयी शंका घेतली गेली, शेवट गळला. निष्ठेच्या कसोटीवर ते टिकणार नाही. मात्र निवेदकाची जागा त्यात अबाधित राहिली. आवाजाला चेहरा नसतो. ‘मी’ म्हणणारा आवाज ऐकणाऱ्याच्याही आत बोलू शकतो. रेडिओशी या वाचनाचे नाते आहे ते एवढेच. रेडिओवरच्या निवेदकाला कोणी ‘थांबा’ म्हणू शकत नाही. गुरुजींना म्हणता आले.

अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘बनगरवाडी’ हा चित्रपट 1995 चा. पटकथा खुद्द माडगूळकरांची, मास्तर चंद्रकांत कुलकर्णी, कारभारी चंद्रकांत मांढरे. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. हा चित्रपट प्रामाणिक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. उजाड माळ, मेंढरांचे कळप, माणसांचे थोडके बोलणे या गोष्टी पडद्यावर ज्या प्रत्यक्षतेने येतात, ती प्रत्यक्षता शब्दाला दुर्लभ आहे.

गुरुजींनी तो पुढे घरच्या दूरदर्शन संचावर नातवासह पाहिला. आरंभीच नातवाने विचारले, ‘आजोबा, यातला मास्तर कोणता?’ आजोबांनी बोटाने दाखवले आणि दाखवता दाखवता ते थबकले. पुस्तक वाचताना हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. जो पाहत होता तो आता पाहिला जात होता. ज्या जागेवर ते तीस वर्षे बसले होते तेथे एक देखणा, अपरिचित तरुण उभा होता. कॅमेरा निवेदकाच्या डोळ्यांनी काही वेळ पाहू शकतो, पार्श्वभूमीला त्याचा आवाजही ठेवता येतो. पण ज्याच्याविषयी गावाला कुतूहल आहे त्याला गावात वावरताना दाखवावेच लागते. मूळ लेखकाने पटकथा लिहिली तरी ही अडचण टळत नाही. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’मध्ये (1979) दिगू टिपणीस हा पत्रकारही साक्षीदारच आहे; पण तो प्रथमपासून तृतीयपुरुषी पात्र असल्यामुळे निळू फुल्यांचा चेहरा त्याला मिळाला तेव्हा कोणा वाचकाची जागा गेली नाही.

खरे नुकसान गुरुजींना काही दिवसांनी कळले. वाडीवरचे ते कारभारी वारून बरीच वर्षे झाली होती. त्यांचे छायाचित्र कोणी काढलेले नव्हते. पुस्तक उघडले की ते दिसत. त्यांना पाहण्याचे तेवढेच ठिकाण उरले होते. आता त्याच पानांवर चंद्रकांत मांढरे दिसू लागले. भव्य, सुंदर, विसरता न येणारे. गुरुजी डोळे मिटून जुना चेहरा आठवू पाहत. पागोटे आठवे, आवाज आठवे, चेहरा येत नसे.

यात दोष कोणाचाच नाही. नातवाने चित्रपट पाहिला म्हणूनच नंतर कादंबरी हाती घेतली, हेही नोंदवले पाहिजे. मात्र माध्यमांतराचा हिशेब करताना मूळ संहितेला काय झाले एवढेच पाहून भागत नाही. संहितेच्या आश्रयाने वाचकांनी जी माणसे सांभाळून ठेवलेली असतात, त्यांचेही काहीतरी होत असते. नातवाने एके दिवशी कादंबरीचे शेवटचे प्रकरण आजोबांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतले. गुरुजींनी ते ऐकून घेतले. मधे एकदाच त्यांनी त्याला थांबवले आणि कारभाऱ्याचे एक वाक्य परभणीच्या बोलीत पुन्हा म्हणायला सांगितले.