घरबसल्या सेनापती

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंनी काय करावयास हवे होते, हे महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक गृहस्थास ठाऊक असते. यात्रेकरू आणि बायकामुले बरोबर न्यावयाची नव्हती. गोल मोडू द्यावयाचा नव्हता. विश्वासराव पडल्यावर हत्तीवरून उतरावयाचे नव्हते. घोड्यावर जन्मात मांड न ठोकलेली माणसे जेवणानंतर सुपारी कातरीत ही लढाई अडीचशे वर्षे जिंकीत आली आहेत. अशा परंपरेत वाढलेल्या आम्हांस शिकागोत बिऱ्हाड केल्यावर तेथील बेअर्स नामक फुटबॉल-संघाचे भक्त होणे मुळीच जड गेले नाही.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. यात चेंडूस पाय क्वचितच लागतो. तो हाती धरून पळावयाचे किंवा फेकावयाचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकल्यास आणखी चार प्रयत्न मिळतात. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नापूर्वी खेळ थांबतो, आणि कोणता डाव टाकावयाचा हे प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील यंत्रातून त्याच्या कानात सांगतो. पुढील डावास बहुधा चाळीस सेकंद मिळतात. त्यांपैकी पंधरा उरले की तो आवाज बंद पडतो. इतर खेळांत प्रेक्षकास ओरडण्यापुरतीच उसंत असते. येथे मसलतीस भरपूर सवड मिळते. मग आमच्यासारख्यांनी गप्प कसे बसावे?

बेअर्सच्या बचावाची कीर्ती मोठी. २६ जानेवारी १९८६ रोजी त्यांनी सुपर बोल ४६–१० असा जिंकला, तो मुख्यतः त्या बळावर. आक्रमणाची कथा निराळी. १९४० साली जॉर्ज हॅलास यांच्या याच संघाने ‘टी’ रचनेच्या जोरावर वॉशिंग्टनचा ७३–० असा फडशा पाडला, आणि पुढे देशभरच्या संघांनी ती रचना उचलली. विद्या गावोगाव गेली. गुरूच्या घरी मात्र ती फारशी टिकली नाही. २०२४ साली निवडीचा पहिला मान खर्चून केलेब विल्यम्स हा तरुण क्वार्टरबॅक आणला गेला. त्या एका हंगामात चेंडू फेकण्यापूर्वीच तो ६८ वेळा पाडला गेला. सतरा सामन्यांपैकी संघाने पाच जिंकले, आणि मध्ये सलग दहा गमावले.

आमच्या रागाचे दोन प्रकार आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी वॉशिंग्टनविरुद्ध गोलरेषा एका यार्डावर आली असता चेंडू अशा एका धिप्पाड राखीव गड्याच्या हाती दिला गेला, की ज्याचे रोजचे काम केवळ धक्के देण्याचे. तो निसटला, आणि सामना पुढे १८–१५ असा गेला. आम्ही पुष्कळ बोललो. परंतु तोच गडी रेषेपार पडला असता, तर त्या युक्तीचे आम्हीच तोंडभर कौतुक केले असते. फळ पाहून डावाची परीक्षा करणे हा सर्व घरबसल्या सेनापतींचा धर्मच आहे.

दुसरा राग इतका स्वस्त नाही. २८ नोव्हेंबर रोजी डेट्रॉइट येथे बेअर्स तीन गुणांनी मागे होते. सुमारे अर्धे मिनिट उरले होते, आणि घड्याळ थांबविण्याचा एक हक्कही हाती होता. विल्यम्स पाडला गेला. घड्याळ चालू राहिले. ते कोणी थांबविले नाही. डाव सुरू झाला तेव्हा सहा सेकंद राहिले होते. चेंडू दूर फेकला गेला, खाली पडला, आणि सामना २३–२० असा संपला. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकास निरोप मिळाला. हंगामाच्या मध्येच असे होण्याची त्या संघाच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ. चुकलेला निर्णय आम्ही क्षमा करू शकतो, कारण त्यात निदान धाडस असते. मुळात निर्णयच न घेता हातातला वेळ सांडू देणे मात्र सहन होत नाही. कदाचित आपल्या संसारातही आपण तेच करीत असतो, म्हणून.

इतके सोसून आम्ही हा नाद का सोडीत नाही? कारण घरातला आहे. आमची मुले येथेच जन्मली. एरवी मराठीत विचारलेल्या प्रश्नास ती इंग्रजीत उत्तर देतात. पण त्या दुपारी धाकटा उठून किंचाळला, तो “बाबा, अहो हे घड्याळ का थांबवत नाहीत?” असा. संताप हा मातृभाषेतूनच यावा लागतो. पानिपताची गोष्ट त्यांनी आमच्याकडून अर्ध्या कानाने ऐकली आहे. ही लढाई मात्र आम्ही एकाच सतरंजीवर बसून हरलो.

५ जानेवारी २०२५ रोजी, दहा पराभवांनंतर, बेअर्सनी ग्रीन बेच्या पॅकर्सना त्यांच्याच मैदानावर २४–२२ असे हरविले. गुणतक्त्यात त्या विजयास काही मोल नव्हते. शेवटच्या क्षणी ५१ यार्डांवरून चेंडू लाथेने उडविला गेला आणि दोन खांबांमधून पार झाला. आक्रमणाच्या साऱ्या मसलती थकल्यावर त्या दिवशी संघाची लाज राखली, ती पायाने.