चिमूटभर टाकणखार

टाकणखाराचा खडा तापल्या तव्यावर टाकला की आधी तो स्वतःच्याच पाण्यात वितळतो, मग बुडबुडे येतात आणि पाहता पाहता पांढरी, हलकी, पोकळ लाही फुलून वर येते. बोटांत धरली की तिचा चुरा होतो. तो बाटलीत भरून ठेवायचा आणि बाळाला खोकला झाला, तोंड आलं, पोट फुगलं की मधात कालवून बोटाने चाटवायचा. विदर्भातल्या कितीतरी घरांत ही बाटली घुटीच्या डब्याशेजारी असते. मी नागपुरात लहान मुलांची डॉक्टर आहे. अलीकडे या लाहीबद्दल मला जितकं बोलावं लागतं, तितकं पूर्वी कधी लागलं नव्हतं.

त्याला कारण आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली, विशेषतः परासिया भागातली, लहान मुलं मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपच्या एका बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८ टक्क्यांहून अधिक निघालं. जास्तीत जास्त ०.१ टक्का चालतं. वीसहून अधिक मुलं गेली. त्यानंतर ओपीडीत आया हात जोडून सांगू लागल्या, “मॅडम, सिरप नोका लिहून देऊ. आमच्या सासूबाई लाही चाटवतात, तेच बरं.”

सिरपबद्दलची त्यांची भीती मला पूर्ण पटते. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही त्याच ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांना कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही शक्यतो टाळावीत. साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. तेव्हा सिरप नको म्हणणारी आई चुकत नाही. मला काळजी वाटते ती तिने सिरपच्या जागी ठेवलेल्या वस्तूची. त्या मुलांचा घात ज्या अवयवातून झाला, त्याच अवयवावर टाकणखाराचंही ओझं पडतं.

लाहीचंच बघा. घरोघरी अशी समजूत आहे की कच्चा टाकणखार कडक, पण भाजला की तो शुद्ध होतो, त्यातला दोष जळून जातो. जातं ते फक्त पाणी. टाकणखार म्हणजे सोडियम, बोरॉन, ऑक्सिजन आणि भरपूर पाणी. वजनाचा जवळजवळ ४७ टक्के भाग पाणीच. सगळं पाणी उडालं तर १०० ग्रॅमचे साधारण ५३ ग्रॅम उरतात, पण बोरॉन होतं तेवढंच राहतं. कच्च्या टाकणखारात ते सुमारे ११ टक्के, पूर्ण कोरड्या झालेल्यात २१ टक्क्यांच्या वर. घरच्या तव्यावर सगळं पाणी जात नाही, तरी वजनाला वजन धरलं तर लाही कच्च्यापेक्षा तेजच ठरते. ती फुललेली असते, म्हणून चिमटीत कमी मावते, एवढीच काय ती सवलत. आणि लाही चुरून बारीक केली की ती सवलतही संपते.

आता चिमूट किती? माझ्यासमोर दोघींनी आपापली चिमूट कागदावर टाकून दाखवली तर दोन्हींत उघड्या डोळ्यांना फरक दिसतो. समजा लाही १०० मिलिग्रॅम भरली. हे अगदी थोडं झालं. त्यात १५ ते २० मिलिग्रॅम बोरॉन असतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा २० मिलिग्रॅम ठरवली आहे, एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी ३. वर्षाच्या आतल्या बाळासाठी त्यांनी आकडाच दिलेला नाही; त्याला अन्नातून आणि दुधातून मिळेल तेवढंच. म्हणजे त्या एका चाटणात धडधाकट बापाची जवळजवळ दिवसभराची मर्यादा बाळाच्या जिभेवर जाते, आणि पुष्कळ घरांत ती दिवसातून दोनदा, सलग महिनाभर जाते.

बोरॉन पोटातून झटकन रक्तात उतरतं. शरीर त्याचं विघटन करत नाही, त्याला बाहेरची वाट एकच, लघवी. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं बोरॉन जायला साधारण एक दिवस लागतो. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून पुरती तयार नसतात, त्यामुळे कालचं बाहेर पडायच्या आत आजचं येतं. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आठव्या दिवशीही होत नाही. मग बाळ चिडचिडं होतं, दूध टाकतं, उलट्या-जुलाब सुरू होतात. काहींचं अंग लालबुंद होऊन कातडीचे पापुद्रे सुटतात. काहींना झटके येतात. तान्हं बाळ झटके घेऊन आलं की आम्ही साखर बघतो, कॅल्शियम बघतो, ताप विचारतो, कापूर लावला होता का ते विचारतो. टाकणखाराबद्दल नेमकं नाव घेऊन विचारल्याशिवाय घरचे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतंच.

हा दोष एकट्या आपल्या आज्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. टाकणखार शतकानुशतकं तिबेटमधल्या खाऱ्या सरोवरांच्या काठावरून लडाख-कुमाऊँच्या वाटांनी खाली येत होता. रसशास्त्राने त्याला टंकण म्हणून औषधांत घेतलं; त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव या रसकल्पांत तो आजही असतो. युरोपातही तेच. १८७० च्या दशकात शल्यविशारद जोसेफ लिस्टरने टाकणखारापासूनच बनणारं बोरिक आम्ल जंतुनाशक म्हणून वापरलं. टाकणखाराला तिकडे बोरॅक्स म्हणतात; ब्रिटिश फार्माकोपियात बोरॅक्स-मध आणि बोरॅक्स-ग्लिसरीन या दोन्ही कृती होत्या, बाळांच्या तोंडाला लावण्यासाठीच. आमच्याच पेशाने हा उपाय शिकवला, छापला आणि विकला.

मग हिशेब समोर येऊ लागला. १९५३ मध्ये मॉन्ट्रियलच्या गोल्डब्लूम पितापुत्रांनी जगभरातल्या नोंदी गोळा केल्या. बोरिक आम्लाच्या विषबाधेचे शंभराहून अधिक रुग्ण सापडले आणि त्यांत निम्म्याहून अधिक दगावले होते. सर्वांत वाईट गत वर्षाच्या आतल्या बाळांची. लंगोटाच्या जागी सोललेल्या कातडीवर बोरिक पावडर टाकल्यानेही बाळं गेली होती, कारण धडक्या त्वचेतून हे द्रव्य फारसं शिरत नाही, पण सोललेल्या त्वचेतून आरामात शिरतं. कॅरमची पावडर आणि झुरळांच्या गोळ्यांची पावडर म्हणून जी घरात असते, ती हीच. पुढे १९८३ मध्ये ‘आर्काइव्हज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड’ या ब्रिटिश नियतकालिकात सात बाळांची हकिगत आली. त्यांची चोखणी बोरॅक्स-मधात बुडवून तोंडात दिली जायची. सातही जणांना झटके येत होते. मिश्रण बंद केलं आणि झटके थांबले. बोरॅक्स आणि मध. आपल्या चाटणाशी याचं नातं मला वेगळं उलगडून सांगायला नको.

“आमचे सारेच पोरं याच्यावरच वाढले ना मॅडम,” हे मी रोज ऐकते, आणि ऐकवणारी आजी खोटं बोलत नसते. एखाद्या दिवशी, एखाद्या छाल्यावर बोट फिरवलं तर बहुतेक मुलांना काही झालं नसेल. पण जी वाढली तीच डोळ्यांसमोर आहेत. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२२ मध्ये हा आकडा २६ होता. त्या १२९ मधलं कोणतं बाळ जुलाबाने गेलं, कोणतं झटक्याने, आणि त्या झटक्यामागे काय होतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? गावात डॉक्टर नव्हता.

शिवाय हा उपाय टिकून राहिला, कारण तो काही प्रमाणात लागू पडतो, आणि हे मी मोकळेपणाने मान्य करते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखं पांढरं बसतं आणि पुसलं तरी निघत नाही, ती कॅन्डिडा नावाची बुरशी. बोरॉनची संयुगं तिची वाढ रोखतात. आईला दोन दिवसांत फरक दिसतो, मग ती उत्साहाने आठवडाभर लावते, पुढच्या वेळीही लावते. पण त्याच बुरशीवर निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमाझोलचे तोंडात लावायचे थेंब मिळतात, त्यांचं प्रमाण ठरलेलं आहे आणि ते रक्तात जवळजवळ उतरत नाहीत. दूध पाजायच्या बाटलीचं बूच रोज उकळायचं. आईच्या स्तनाग्रांना भेगा असतील, खाज असेल तर तिलाही मलम लागतं, नाहीतर बुरशी बाळाकडून आईकडे आणि आईकडून बाळाकडे फिरत राहते. मधही वर्ष पूर्ण होईपर्यंत नकोच. त्यातले बोट्युलिझमचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजू शकतात. वर्षानंतर खोकल्याला नुसता चमचाभर मध, कोमट पाणी, घरचं वरणाचं पाणी हे उत्तम. आजीचं हे अर्धं औषध मी स्वतः लिहून देते.

इतवारीच्या किराणा ओळीत तुरटी, नवसागर, पापडखार आणि टाकणखार शेजारीशेजारी मिळतात आणि पुडीवर बहुधा नाव नसतं. सराफा ओळीतला कारागीर दागिन्याचा सांधा जोडायला जो टाकणखार नेतो, तोच कागदात बांधून बाळासाठी घरी येतो. त्याची शुद्धता औषधाची नाही, कारखान्याची आहे. पापडखार समजून टाकणखार पिठात गेला तर तेही धोक्याचं. अन्नात टाकणखार घालायला आपल्याकडे परवानगी नाही.

मोठ्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त धास्ती आहे ती खर्र्याची. नागपुरात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून खाणारे बाप, काका, आणि आता शाळकरी पोरंसुद्धा तोंडाची आग होते म्हणून लाही किंवा बोरो-ग्लिसरीन लावतात. आग थोडी शमते, खर्रा चालू राहतो, आणि तोंड उघडणं महिन्यागणिक कमी होत जातं. लहान मुलाला दाखवायला आलेल्या बापाला मी तोंड उघडायला लावते. तीन बोटं उभी जात नसतील, किंवा एखादा चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, तर बाळाच्या आधी त्यालाच तपासणीला पाठवते.

आणि सांधे. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची मोठी साथ आली. महिनोन् महिने लोकांची बोटं वळेनात, सकाळी उठवेना. अशा दुखण्याने हैराण झालेले आजी-आजोबा मोबाइलवर आलेला बोरॅक्सच्या पाण्याचा उपाय घेऊन विचारायला येतात. त्याचं मूळ रेक्स न्यूनहॅम या ऑस्ट्रेलियातल्या निसर्गोपचारकाच्या दाव्यात आहे. १९९० मध्ये त्याच्यासह तिघांनी संधिवाताच्या केवळ २० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. दिवसाला ६ मिलिग्रॅम बोरॉन दिलं होतं. एवढ्या लहान चाचणीवरून कोणतंही औषध ठरत नाही. तरी ६ मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम ५० मिलिग्रॅम टाकणखार, आणि घरातल्या चहाच्या चमच्यात चार ग्रॅमच्या आसपास मावतो. दाणे, डाळी, मनुका, फळं यांतून दिवसाकाठी मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम बोरॉन आपल्याला मिळतंच.

इथे मला काटोल-कळमेश्वरचा संत्रा बागायतदार आठवतो. बोरॉन झाडाला लागतंच. कमी पडलं तर कपाशीची फुलं-बोंडं गळतात, संत्र्याचं फळ कडक होतं. पण जास्त झालं तर पानं करपतात, म्हणून तो पंधरा लिटरच्या पंपाला किती ग्रॅम हे विचारून, काट्यावर तोलून मगच फवारतो. झाडासाठी काटा काढणारा तोच माणूस घरात नातवाला चिमटीने देतो, कारण घरातली वस्तू मोजायची नसते असं आपण धरून चाललो आहोत. वैद्य मात्र असं धरत नाहीत. टंकण हे मात्रेचं, अनुपानाचं आणि मर्यादित दिवसांचं औषध आहे, असंच ते सांगतात. ग्रंथांनी त्याला अडलेला गर्भ बाहेर काढणारंही म्हटलं आहे, तेव्हा गरोदर बाईने त्याच्यापासून लांबच राहावं. युरोपीय संघानेही त्याची गणना प्रजननाला अपाय करणाऱ्या द्रव्यांत केली आहे.

तुमच्या घरी तान्ह्या बाळाला लाही चाटवत असतील तर आजपासून थांबवा. बाळ खेळतंय, दूध पितंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर घाबरायचं कारण नाही. दोन-चार दिवसांत बहुतेक बोरॉन निघून जातं. उलट्या, जुलाब, लालबुंद अंग, सुस्ती, झटका किंवा कमी झालेली लघवी यांपैकी काहीही दिसलं तर घरी ओकाऱ्या काढण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठा. पुडी किंवा बाटली सोबत घ्या. लाही चाटवली हे लपवू नका, त्यावरून तुम्हाला कोणी रागावत असेल तरी सांगा, कारण उपचाराची दिशा त्यावरून ठरते. आणि आजीला घरी ठेवून येऊ नका. कधीपासून, किती वेळा, कशात कालवून दिलं, हे घरात तिलाच नेमकं माहीत असतं.