पत्रा वाकतो कुठे?



आमच्या पोफळीत डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. १९६२ पासून तिथे वीज तयार होते. त्यामुळे विज्ञान प्रदर्शन आलं की निम्मी मुलं पाण्यावर फिरणारं चक्रच करतात. सातवीतल्या एका मुलीने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची पाती कापून छान चक्र केलं. नळाखाली धरलं आणि दोन मिनिटांत सगळी पाती वाकली. मी काय म्हणालो? "बाळ, जाड पत्रा आण."

चूक इथेच झाली. जाड पत्रा तिच्या कात्रीने कापेना, कसाबसा कापला तर चक्र जड होऊन फिरेना. "सर, मला नाही जमत," म्हणत तिने सगळं पिशवीत कोंबलं. रात्रभर मला ते खुपत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जुनी पाती निरखून पाहिली. पाण्याचा मार बसला टोकाला, पण प्रत्येक पातं वाकलं होतं मुळाशी! मग सगळा पत्रा जाड कशाला?

तिने मुळाशी पत्र्याचा दुसरा तुकडा ठेवला. तुम्हीही वर्गात करून पहा: वही वाकवली की पानं एकमेकांवर सरकतात. नुसते ठेवलेले दोन पत्रे असेच सरकतात, म्हणून ताठपणा जेमतेम दुप्पट. ते घट्ट चिकटवले किंवा रिव्हेटने जोडले, तर जवळजवळ आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. आणि वजन वाढलं फक्त तेवढ्या जागेपुरतं.

तरी पातं पुन्हा वाकलं! या वेळी तुकडा जिथे संपतो तिथे. तेव्हा तुकड्याचं टोक निमुळतं कापलं. शिवाय वर्तमानपत्राच्या घडीवर पातं ठेवून संपलेल्या बॉलपेनने मुळापासून पुढे एक नाळ दाबली. छपराच्या नाळीदार पत्र्याला बळ येतं ते असंच. घाईत एका पात्यावर तिने सुरीच्या पात्याने धारदार रेघ ओढली, तिथे पत्रा चिरला. नाळ गोलसरच हवी.

चक्र फिरलं. मग तिने विचारलं, "सर, वीजघरातल्या मोठ्या चक्राला पण मुळाशीच तडे जातात का?" हो, तिथेही तपासणीत मुळाची जागा डोळ्यात तेल घालून बघावी लागते.

प्रदर्शनाच्या तक्त्यावर तिने वाकलेली जुनी पातीसुद्धा चिकटवली, खाली कारणं लिहून. जाड पत्र्याच्या चक्रापुढे लिहिलं होतं: "सरांनी सांगितलं म्हणून."